दुसरबीडचं सातवं रीळ

अंतराळाच्या सिनेमात बाईला काय काम असतं ते मला विचारा. किंचाळायचं. राक्षस आला की किंचाळायचं, यान हललं की किंचाळायचं, आणि नायकानं दंड धरला की गप्प व्हायचं. फिरत्या टॉकीजवर आणि पुढं खामगावच्या पक्क्या थेटरात मी जन्मभर मशीन चालवली. चंद्र-मंगळाची चित्रं त्यात बोटावर मोजण्याइतकी आली, पण त्यातल्या किंचाळ्या मला पाठ आहेत. कारण किंचाळी आली की आवाज कमी करावा लागायचा, नाहीतर आमचा जुना भोंगा फाटायचा.

हे लिहायला मला या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी बसवलं. बुलडाण्याची पोरगी, स्कुटीवर घरी आली. म्हणाली, "आजोबा, यंदाचा आमचा अंक विज्ञानाच्या गोष्टींवर आहे. त्या सिनेमांत बाया कशा दाखवत, काळी माणसं, गोरगरीब कसे दाखवत, ते तुम्ही लिहा. तुम्ही स्वतः दाखवलंय."

मी म्हटलं, "मी चौथी नापास आहे."

"चालते," म्हणाली. मग जाता जाता म्हणाली, शेवट जरा आशेचा करा, आता आपल्या बाया खरोखरच्या अंतराळात जातात. मी म्हटलं, ते तू लिही. मला जेवढं माहीत आहे तेवढं मी लिहितो. माझी बायको यमुना गेल्या पौषात गेली. घरात बोलायला कोणी उरलं नाही. म्हणून बसलो लिहायला. ती असती तर बसलो नसतो.

आधी धंदा सांगतो, कारण आताच्या पोरांना तो ठाऊक नाही. फिरती टॉकीज म्हणजे कापडाचा तंबू, एक तेलाचं इंजिन, एक मशीन आणि आठ-दहा माणसं. दिवाळी झाली की निघायचं, मृगाच्या आधी परतायचं. ज्या गावाला मोठा बाजार किंवा जत्रा, तिथं महिना-पंधरा दिवस मुक्काम. शहरातल्या थेटरात दोन मशीन असतात, एकावरचं रीळ संपलं की दुसरी चालू होते. आमच्याकडे एकच. म्हणून दोन-दोन रिळं जोडून एका मोठ्या चक्रीवर घ्यायची, आणि चक्री बदलेपर्यंत पब्लिकनं शिट्ट्या मारायच्या. मी चक्री दीड मिनिटात बदलायचो. हे लिहिताना आजही छाती फुगते. फिल्म तुटायच्या आधी तिचा आवाज बदलतो, टकटक जरा कोरडी होते. तो आवाज मला जेवतानासुद्धा कळायचा. ताटावरून उठून मी मशीन थांबवलेली आहे.

आता मुख्य गोष्ट. तंबूत पडदा एका टोकाला नसायचा. तो मधोमध असायचा. पडद्यापुढं पुरुष, आणि पडद्याच्या मागं बाया. इकडून मी उजेड टाकायचो, तो कापडातून आरपार जायचा, आणि मागं बसलेल्या बायांना तेच चित्र दिसायचं, पण उलटं. आरशात दिसतं तसं. नायक डाव्या हातानं तलवार धरायचा. नायिकेचा पदर उजव्या खांद्यावर. नवी बाई आली की हमखास विचारायची, "हिचा पदर असा काऊन वो?" उजेड मागं नीट पोचावा म्हणून पडदा ओला ठेवावा लागायचा. खेळाच्या आधी आणि दर चक्रीला कापडावर पाणी मारायचं. ते काम यमुनाचं.

तिचं खरं काम दुसरंच होतं. चित्रं हिंदी, कधी बाहेरदेशाची हिंदी बोल चढवलेली. मागं बसलेल्या बायांना हिंदी कळायची नाही, चित्र उलटं, भोंग्याचं तोंड पुरुषांकडे. मग यमुना पडद्याच्या कडेला उभी राहून गोष्ट सांगायची. आपल्या बोलीत, चालत्या चित्रावर. कोण कोणाचा, कोण लबाड, आता काय होणार. तिच्यासारखी सांगणारी दुसऱ्या कुठल्या तंबूत मी पाहिली नाही. ती दुसरीपर्यंत शिकलेली. पण चित्र एकदा ऐकलं की तिला अख्खं यायचं. दुपारी मशीन पुसताना माझ्याजवळ बसून विचारायची, "चंद्रावर चूल पेटते का हो?" मी म्हणायचो, "मले काय माहीत." "तुमी दाखवता अन् तुमालेच माहीत नाही?" मग ती तिच्या मनानं जुळवायची. यान उडताना सांगायची, "जिनाचा भोंगा वाजते ना सकाळी, तसे हजार भोंगे एकदम वाजून राह्यले, अन् हे लोक आतमधी बांधून बसले, कापसाच्या गाठीवानी." खामगावकडच्या बाया हसायच्या. तिकडे कापसाच्या जिनिंग गिरण्या, त्यांना भोंगाही माहीत होता आणि गाठही.

तिनं कुठलंच चित्र समोरून पाहिलं नव्हतं. सगळी जिंदगी उलटीच पाहिली. हे मला तेव्हा कधी खटकलं नाही.

आता संपादकबाईंचा प्रश्न. त्या चित्रांत बाई तीन तऱ्हेची. एक, म्हाताऱ्या शास्त्रज्ञाची पोरगी. बापाचा शोध तिला समजत नाही, पण ती यानात लपून बसते. दुसरी, परग्रहावरची राणी. तिच्या राज्यात सगळ्या बायाच, अंगावर कपडे कमी, आणि पृथ्वीवरचा पहिला पुरुष दिसला की राज्य सोडून त्याच्या मागं लागते. तिसरी, यानातली नोकर. डोक्यापासून पायापर्यंत चकचकीत पोशाख, आणि हातात कपबशी. एवढ्या लांब गेली आणि चहाच दिला. आणि काळा माणूस असला तर तो सामान उचलायला, आणि राक्षसाचा पहिला घास तोच. आमच्या तंबूचे बोर्ड रंगवायचे ते उस्मानभाई. खामगावचेच, हाताला गुण असलेला माणूस. ते एकदा ब्रश धुताना म्हणाले, "किसनभाऊ, अपने जैसा आदमी चांद पे भी बोजा उठानेकोच जाता क्या?" मी हसलो. ते हसले नव्हते.

मग ते एक चित्र आलं. माणूस खरोखरचा चंद्रावर उतरला त्याच्या दोन-तीन वर्षं आधी. कोणत्या देशाचं ते मला आजही सांगता येणार नाही, डब्यावरची अक्षरं ओळखीची नव्हती. हिंदी बोल चढवलेले. आम्ही त्याला नुसतं चांदवाला म्हणायचो. यानात सहा माणसं. त्यात एक बाई. आणि एक काळा डॉक्टर, खरा डॉक्टर, बोजा उचलणारा नाही. पहिली सहा रिळं ती बाई नुसती कागदावर आकडे लिहीत बसते. किंचाळत नाही, म्हणून पब्लिक कंटाळायचं.

सातव्या रिळात यानाला दगड लागतो. कप्तानाचं डोकं फुटतं, तो बेशुद्ध. काळा डॉक्टर त्याला टाके घालतो. यान गरागरा फिरायला लागतं. मग ती बाई कागद बाजूला ठेवते आणि कप्तानाच्या खुर्चीत बसते. खालून, पृथ्वीवरून आवाज येतो, "कप्तान कहाँ है?" ती म्हणते, "मैं बोल रही हूँ." खालचा म्हणतो, "कप्तान को जगाओ." ती पुन्हा सांगते, मी बोलतेय, मला आकडे द्या. खालचा पुन्हा तेच, कप्तानाला उठवा. मग ती हात लांब करते आणि खालच्याचा आवाजच बंद करते. खट्. आणि यान एकटीनं उतरवते.

मोताळ्याला पहिला खेळ लावला तेव्हा ही जागा आली, आणि मागून बायांचा असा हशा उठला की मला मशीनच्या कोठडीत ऐकू आला. यमुना सांगत होती, "केला बंद! बोल म्हणा आता!" आणि एक बाई ओरडली, "बाप्पा, आमच्या घरच्याचा भोंगा असा बंद होत असता तं!" पुन्हा हशा. यान उतरलं तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या. बाया कधी टाळ्या वाजवत नसत.

पुढं पुरुषांच्या बाजूला वेगळं चाललं होतं. "उठव बे कप्तानाले!" "सायकल येत नाई अन् इमान हाकलून राह्यली!" कोणीतरी चप्पल फेकली. तिसऱ्या दिवशी मालक कोठडीत आले. मालक म्हणजे तंबूचे मालक, अंगानं भरलेले, वाईट माणूस म्हणता येणार नाही असे. आजारपणात आम्हाला घरचा डबा पाठवायचे.

"किसन्या, सातवं रीळ काढ."

"मालक, मंग गोष्ट समजत नाई."

"कोनाले समजाची हाय? खेळ बी लांबते. त्याच्या जागी त्या जुन्या चित्रातला नाच जोड. तो डबा पडूनच हाय."

मी म्हटलं, "मांगचं पब्लिक खूश हाय मालक."

"मांगचं पब्लिक पडदा फाडत नाई," मालक म्हणाले. "समोरचं फाडते."

काढलं मी, दगड लागून कप्तान पडतो तेवढी सुरुवात ठेवून. असा काप मारायचा, पुढं-मागं जोडायचं, आणि काढलेला तुकडा डब्यात जपून ठेवायचा, चित्र परत पाठवताना पुन्हा जागेवर लावायचा. ही धंद्याची रीत. चित्र भाड्यानं देणाऱ्यांना कळत नाही. मी किती कापलं असेल याचा हिशोब नाही. मला त्याचं काही वाटायचं नाही. खाटकाला वाटतं का?

आता चित्र असं झालं. दगड लागतो, कप्तान पडतो, लगेच कुठल्यातरी दरबारात एक बाई घुंगरू बांधून नाचते, आणि नाच संपला की यान जमिनीवर आणि सगळे हार घालून हसतायत. ती बाई कप्तानाच्या बाजूला उभी, तीही हसते. कशापायी हसते कोण जाणे. उस्मानभाईंनी मोताळ्याला बोर्ड रंगवला होता, खुर्चीत बसलेली बाई आणि शेजारी डॉक्टर. मालकांनी तो पुसायला लावला. नव्या बोर्डावर बाई कप्तानाच्या हातांवर आडवी, तोंड उघडं, किंचाळतेय. चित्रात असं कुठंच नव्हतं. हा बोर्डही उस्मानभाईंनीच रंगवला. डॉक्टरच्या जागी त्यांनी चंद्र काढला.

यमुना मला या कापाबद्दल एक शब्द बोलली नाही. हे ध्यानात ठेवा. तिनं ना तक्रार केली, ना मागणी. मालकाचा तंबू, मालकाचं चित्र. ती नव्या जोडानुसार सांगायला लागली. "आता एक नाच आहे," म्हणायची, "पाहून घ्या."

मोताळ्यानंतर मधली दोन गावं करून आम्ही दुसरबीडला गेलो. ते दूर, तिकडे बोली बदलते, जालन्याकडची झाक येते. आम्हाला वाटलं चित्र तिथं कोणाला माहीत नसेल. पण लेकी कुठून कुठं दिल्या जातात. मोताळ्याकडची एक पोरगी तिथं दिलेली. ती माहेरी आली असताना तिनं पहिल्या दिवशीचा खेळ पाहिला होता, अख्खा, सातव्या रिळासकट. तिनं सासरी जाऊन आळीभर सांगितलं. त्यामुळं पहिल्याच खेळाला मागची बाजू भरली. बाया लेकरं घेऊन, भाकरी बांधून, आजूबाजूच्या वाड्यांतून गाड्या जुंपून आल्या. दिवेलागणीचा खेळ.

त्या पोरीची सासू पुढंच बसली होती. म्हातारी, पदर कपाळापर्यंत. खेळ सुरू व्हायच्या आधी यमुनाला म्हणाली, "माजी सून म्हणती, यात बाई इमान चालवती. खरं का?"

आणि यमुना म्हणाली, "हाव. खरं आहे."

असं का म्हणाली? तिला ठाऊक होतं की ते रीळ डब्यात आहे. मी नंतर पुष्कळ विचार केला. तिला विचारलं ते खरं होतं का, एवढंच. ते खरं होतं. म्हणून हो म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं, त्याला मी काय करू?

दगड लागला, कप्तान पडला, नाच सुरू झाला. नाच संपला, सगळे हसतायत. म्हातारी उठून उभी राहिली. "कुठंय गं ती बाई? कव्हा चालवलं तिनं?" दुसरी म्हणाली, "तिकिटापायी खोटं बोलली." सुनेलाही बोलणं बसलं, तू फुशारकी मारतीस म्हणून. पोरगी खाली मान घालून बसली होती, हे यमुनानं मला सांगितलं. तेवढंच सांगितलं. मग भाकरी वाढली, कोरड्यास वाढलं, आणि मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी बाजार होता, म्हणजे तंबू भरणार. दुपारी यमुना नदीवर कपडे घेऊन गेली. मी डबा उघडून सातवं रीळ काढलं. माझं मीच ठरवलं. तिनं सांगितलं नव्हतं, सुचवलं नव्हतं, डोळ्यानंसुद्धा विचारलं नव्हतं. तिला कोणी खोटं म्हटलेलं मला सहन झालं नाही, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तिच्यापुढं मोठं व्हायचं होतं.

आणि मोठं व्हायच्या नादात डोक्यात एक किडा आला. म्हटलं, लावतोच आहे तर हे रीळ उलटं लावू. फिल्मची डावी कड उजवीकडे करायची, म्हणजे समोरून उलटं दिसेल आणि मागून सुलटं. पुरुषांनी दहा मिनिटं उलटं पाहिलं तर मरत नाहीत. बायांना, आणि यमुनाला, एवढं एक रीळ तरी जसं काढलं तसं दिसू दे. साधा जोड मारताना एका टोकाचा चित्राचा मसाला खरवडतात आणि दुसऱ्या टोकाच्या गुळगुळीत बाजूवर चिकटवतात. उलट्या जोडाला दोन्ही टोकं खरवडावी लागली. नाच काढला, सातवं बसवलं. जोड असा बसला की नखाला लागत नव्हता.

दहा वर्षं मशीन चालवलेला ऑपरेटर, आणि मी आवाजाची पट्टी विसरलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फिल्मच्या एकाच कडेला आवाजाची बारीक पट्टी असते. मशीन त्या कडेवरूनच आवाज वाचते. फिल्म उलटवली की पट्टी दुसऱ्या बाजूला जाते, आणि मशीन आवाजाच्या जागी चित्राची कड वाचायला लागते. शिकाऊ पोट्टंही ही चूक करणार नाही. मी केली.

दगड लागला. कप्तान पडला. जोड मशीनमधून सरकला, आणि भोंग्यातून असा घरघराट सुरू झाला की लेकरं रडायला लागली. मी आवाज बंद केला. मशीन बंद करायला पाहिजे होती. नाही केली. तंबू एकदम मुका. नुसतं इंजिनचं दूरचं धडधडणं, आणि पडद्यावर ती बाई कागद बाजूला ठेवून खुर्चीकडे चाललेली.

आणि मग यमुनाचा आवाज आला.

ती रोजच सांगायची, पण भोंग्याच्या आवाजात तिचा आवाज पुढं पोचत नव्हता. त्या दिवशी अख्ख्या तंबूत तिचाच आवाज. पहिल्यांदा ती अडखळली. तिच्याही लक्षात आलं असेल की आपण एकट्याच बोलतोय. मग थांबली नाही. "पाहा. उठली. बसली खुर्चीत. हा खालचा मानूस, लांबून बोलते. म्हणते, कप्तान कुठी आहे? ते बाई म्हणते, मी बोलून राह्यली. तो म्हणते, त्याले उठव. ते म्हणते, त्याचं डोस्कं फुटलं, तो नाई उठत, मले सांग. तो म्हणते, नाई, त्यालेच उठव." मागं बाया चूप. पुढं पुरुषही चूप, खोटं नाही सांगत. चित्र उलटं आहे हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. पाच-सहाशे माणसं एका बाईचं ऐकत होती. मला तेव्हा गंमत वाटली, आणि अंगावर काटाही आला.

"केलं बंद त्याले," यमुना म्हणाली. "आता एकटी आहे."

तेवढ्यात पुढून कोणीतरी ओरडलं, "ए बाई, चूप बस ना! तुले आयकाले आलो का आमी?" मग दुसरा. मग शिट्ट्या. पडद्यावर काहीतरी ओलं येऊन आदळलं. यान अजून हवेतच होतं. कोठडीचं दार उघडलं आणि मालक आत आले.

"बंद कर मशीन."

केली.

"हे कोनाचं काम हाय बे?"

मी काय म्हटलं ते लिहितो. आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. मी म्हटलं, "घरचीनं लावलं मालक जोडाले. कालपासून मांगं लागली होती."

लोक म्हणतील, पोटासाठी बोलला, भीतीनं बोलला. भीती नव्हती. माझ्यासारखा ऑपरेटर त्यांना सहज मिळत नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी सवयीनं बोललो. घरात दूध उतू गेलं तरी मी तिचंच नाव घ्यायचो. तोंडाला तीच वाट पडली होती.

मालकांनी माईक घेतला. भोंगा पडद्याखालीच ठेवलेला, तोंड पुरुषांकडे असलं तरी माईकवर बोललेलं मागंही ऐकू जाई. म्हणाले, "मंडळी, माफी करा. हे जे दिसलं ते या चित्रातलं नाई. आमच्या मांगच्या बाईनं ऑपरेटरले नादी लावून कुठलातरी तुकडा जोडाले लावला. चित्रात असं काई नाई. बाई उद्यापासून कामावर राहणार नाई. खरं चित्र आता सुरू करतो."

मागं कुजबुज उठली. आजही येऊन बसलेली ती म्हातारी मोठ्यानं म्हणाली, आणि कोठडीतून मी ऐकलं, "म्हंजी काल बी खोटं अन् आज बी खोटं."

मी कोठडीतून बाहेर येऊन म्हणायला पाहिजे होतं की नाही, हे खरं चित्र आहे, मी कापलं होतं, मीच जोडलं. वीस पावलं होती. मी आत बसून नाच पुन्हा जोडला. दीड मिनिटापेक्षा जरा जास्त लागलं.

खेळ सुटल्यावर यमुनानं पाण्याची बादली उस्मानभाईंच्या हातात दिली. मला म्हणाली, "मी खामगावले जातो. खोली पाहून ठेवतो." सकाळच्या एसटीनं गेली. मी भांडलो असतो तर बरं वाटलं असतं. ती भांडली नाही. खामगावात जिनात कापूस निवडायला लागली, दोन पोरं वाढवली. मी आणखी सात हंगाम तंबूबरोबर फिरलो. मागच्या बाजूला नंतर कोणी सांगणारी आली नाही. बाया मुक्यानं उलटं पाहायच्या.

यमुनानं परत कधी गोष्ट सांगितली नाही. चित्राचीच नाही, कुठलीच नाही. पोरं म्हणायची, आई, गोष्ट सांग. "मले नाई येत." नातवंडं म्हणायची, आजी, राक्षसाची सांग. "मले नाई येत, बापू. टीव्ही लाव." शेजारच्या बायका वट्ट्यावर बसून गावभर बोलायच्या, ही शेंगा फोडत ऐकायची. लोकांना वाटायचं, स्वभावच अबोल. माझ्या सुनेलासुद्धा तसंच वाटतं. तंबूभर माणसं जिचं ऐकत होती ती हीच, हे घरात फक्त मला माहीत होतं.

आता नातू मोबाइलवर अंतराळाचे सिनेमे दाखवतो. "आबा, पाहा, यात बाईच कप्तान आहे." पाहतो मी. आहे खरी. पण दर पाच मिनिटांनी कोणीतरी तिला विचारतं, तुला जमेल ना? आणि पोशाख असा की आतला श्वासही दिसावा. काळा माणूस आता बोजा उचलत नाही, मोठ्या हुद्द्यावर असतो, आणि मधल्या सुट्टीच्या आत मरतो. संपादकबाई, तुम्हाला सुधारणा दिसत असेल तर दिसो. मी कापणारा माणूस आहे. मला कापलेलं आधी दिसतं.

पौषात ती दवाखान्यात होती. दहा दिवस. नाकात नळी, पण शुद्ध होती. आठव्या की नवव्या दिवशी मी खाटेजवळ बसलो होतो. सून चहा आणायला गेली होती. मी म्हटलं, "दुसरबीडले मी खोटं बोललो. तुह्यं नाव घेतलं."

ती छताकडे पाहत होती. म्हणाली, "मले काऊन सांगता? मले तं माहीत आहे."

मी म्हटलं, "मंग काय करू?"

"त्या बायाइले सांगा," म्हणाली. नंतर पाणी मागितलं.

त्या बायांना कुठं गाठू? ती म्हातारी तेव्हाच साठीची होती. सून आता असेल तर माझ्याच वयाची. त्यांतल्या कितीकजणी वाचू शकतात, आणि दिवाळी अंक कोणाच्या हाती पडतो, मला ठाऊक नाही. मागच्या महिन्यात एसटीनं दुसरबीडला जाऊन आलो. फाट्यावर चहा घेतला, दोघातिघांना विचारलं. तंबू कुठं लागायचा हेसुद्धा कोणाला सांगता आलं नाही. परत आलो. म्हणून इथं लिहितो. तुमच्यापैकी कोणाची आजी, आत्या, मावशी त्या बाजारच्या दिवशी पडद्याच्या मागं बसलेली असेल, तर तिला वाचून दाखवा.

बायांनो, तो तुकडा त्याच चित्रातला होता. मी कापला होता, मीच जोडला, आणि नाव यमुनाचं घेतलं. यान हवेत असताना मी मशीन बंद केली, म्हणून पुढचं तुम्हाला दिसलं नाही. पुढं असं होतं. यान फार हलतं, डॉक्टर कप्तानाला धरून बसतो, ती बाई दोन्ही हातांनी दांडा ओढून धरते, तिच्या हाताला रक्त येतं, पण ती सोडत नाही. यान खाली येतं. मातीत टेकतं. सगळे जिवंत. तिनंच उतरवलं.

यमुना दोन्ही दिवस खरं सांगत होती.